दीपाच्या नावाचं कार्ड

दीपाच्या बाबानं मले पगार नाही विचारला. घर नाही, वावर नाही. चहा पिऊन झाला, कप खाली ठेवला अन् एकच विचारलं.

"दवाखाना कोण करते तुमचा?"

मले वाटलं डॉक्टरचं नाव विचारून राह्यले. मी म्हटलं, बाभुळगावात बसस्टँडच्या मागं एक डॉक्टर हायेत, चांगला गुण येते त्यायचा.

ते म्हणे तसं नाही. पैसे कोण भरते?

आई माह्या बाजूलेच बसली होती. ती म्हणे, कोण भरन, आपणच भरतो. तिले त्यात काही वावगं वाटलं नाही. मलेही नाही. पण वामनरावांचं तोंड असं झालं, जसं काही आम्ही सांगतलं की आमच्या घरावर छप्परच नाही.

वामनराव म्हणजे दीपाचे बाबा. वणीच्या कोळसा खाणीत फिटर हायेत, रिटायर व्हायले आले. कंपनीचं मेडिकल कार्ड हाय त्यायच्याजवळ, प्लास्टिकमधी घालून ठेवलेलं. दीपाच्या आईचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन नागपूरले झालं, सगळं बिल कंपनीनं भरलं, यायच्या खिशातून गेले फक्त ऑटोचे पैसे. ही गोष्ट त्यायनं आम्हाले तेवढ्या वेळात दोनदा सांगतली. ऑटोवाल्यानं जास्त घेतले हे पण दोनदा.

दीपाचं नाव त्याच कार्डावर हाय. लग्न झालं की कटते. वामनरावांचं म्हणणं सरळ होतं. माह्या कार्डावरून पोरीचं नाव उतरन, तं दुसऱ्या कोणत्या तरी कार्डावर ते चढलं पाहिजे. मधात ती रिकामी नाही राह्यली पाहिजे. मी सरकारी योजनेचं कार्ड काढून दाखवलं. ते म्हणे, ते तं माह्याजवळही हाय, सगळ्यायजवळच हाय, तुमचं सोताचं काय हाय?

काहीच नव्हतं.

बुटीबोरीचा एक पोट्टा त्यायनं पाहून ठेवला होता. कंपनीत सुपरवायझर, बायको-पोरायसगट सगळ्यायचा दवाखाना कंपनीकडे. वामनराव लपवून ठेवणारा माणूस नाही, त्यायनं हे माह्या तोंडावर सांगतलं. म्हणे पोरीले तुम्ही पसंत हा, म्हणून पहिला नंबर तुमचा. दीपाचं नाव असलेलं कार्ड आणा, त्याच दिवशी साक्षगंध ठरवू. पोळ्यापर्यंत वाट पाहतो. मंग मी बुटीबोरीले हो म्हणीन.

आता मी काय करतो ते सांगतो. सगळा घोळ तिथंच हाय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. फोटोग्राफर लोक शूटिंग करतात अन् हार्ड डिस्क पाठवतात, कोणी कळंबवरून, कोणी यवतमाळवरून. मी घरी बसून कापतो, जोडतो, गाणे टाकतो. सीझन नसला की लग्नपत्रिका डिझाइन करतो. हे मले कोणी शिकवलं नाही, पाहू पाहू शिकलो. साहेब नाही, ऑफिस नाही, कार्ड तं नाहीच नाही.

दीपा मले अशीच भेटली. वणीच्या एका लग्नाची डिस्क आलती, तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं. सगळ्या शूटिंगमधी एक पोट्टी सारखी कॅमेऱ्याकडे पाहे. समोर नवरीच्या गळ्यात हार पडून राह्यला अन् मागं ही भुवया उडवून राह्यली. मी तिले सगळीकडून कापली. मंग एक दिवस तिचाच फोन आला. म्हणे मी त्या लग्नात सकाळपासून होती अन् तुमच्या व्हिडिओत एक सेकंद नाही, काहून? मी खरं ते सांगतलं. म्हटलं तुम्ही दिसल्या की नवरीकडे लक्षच जात नव्हतं.

मी काही लाइन मारत नव्हतो. एडिटिंगची अडचण सांगून राह्यलो होतो. पण दुसऱ्या दिवशी तिचा परत फोन आला.

ती घरी ब्लाऊज शिवते, आरी वर्कवाले. वणीतल्या अर्ध्या नवऱ्या तिचाच ब्लाऊज घालतात.

तं कार्ड.

पहिले मी नेटवर शोधलं. एका वेबसाईटवर मोबाइल नंबर टाकला अन् तिथंच फसलो. आंघोळीले गेलो की फोन, जेवायले बसलो की फोन. सगळे सर सर म्हणत. उभ्या जन्मात मले कोणी इतकं सर म्हटलं नव्हतं. एका बाईनं विचारलं, सर आप क्या काम करते हैं? मी म्हटलं, शादियाँ काटता हूँ. तिनं फोन ठेवला. परत कधी नाही केला तिनं.

मंग तारिककडे गेलो. तारिक माह्या वर्गातला, बाभुळगावात मोबाइल रिपेरिंगचं दुकान हाय त्याचं, अन् सोबत तो विम्याची एजन्सीपण करते. त्यानं एका हातानं कोणाच्या तरी फोनचा डिस्प्ले दाबून धरला अन् दुसऱ्या हातानं टॅबवर माहा फॉर्म उघडला. धंद्याची यादी आली. शेतकरी होता, दुकानदार होता, वकील होता, टेलर होता. तारिक खालीपर्यंत गेला अन् वर आला.

"यार, इसमें तेरा धंदाच नहीं है."

म्हणे फोटोग्राफर लिहू. मी म्हटलं मी एक फोटो नाही काढला आजवर, उद्या काही झालं तं कंपनी म्हणन याचा कॅमेरा कुठं हाय. शेवटी सगळ्यात खाली 'इतर' सापडलं. 'इतर' म्हटल्यावर कंपनीले शंका. बँकेचं स्टेटमेंट मागितलं. आता मले पैसे पाठवणारे फोटोग्राफर. ते पैसे पाठवताना खाली लिहितात 'संदीपचं लग्न', 'हळद', 'वणीवाली वरात'. स्टेटमेंट पाहून कंपनीतल्या पोरीनं फोन केला अन् लय अदबीनं विचारलं, सर, आपकी कितनी शादियाँ हुई हैं.

मी म्हटलं एक पण नाही, तेच तं चालू हाय.

तरी पण झालं. विमा कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला, बिडी, दारू, तंबाखू, सगळं विचारलं, सगळं खरं सांगतलं. पॉलिसी आली. माह्या नावाचं कार्ड मोबाइलवर आलं तेव्हा मी आईले दाखवलं, तिनं त्याले हात लावून पाहिला, स्क्रीन सरकली, ती घाबरली की पुसलं गेलं.

मी तारिकले म्हटलं, आता दीपाचं नाव टाक.

तो म्हणे, रिश्ता?

होणारी बायको.

त्यानं नात्याची यादी उघडली. पत्नी, पोरं, आई, वडील, सासू, सासरे. होणारी बायको नव्हती. तारिकनं कंपनीत फोन लावला. तिकडचा साहेब म्हणे लग्न होऊ द्या, मंग नाव टाकू.

म्हणजे वामनराव म्हणत पहिले कार्ड मंग लग्न. कंपनी म्हणे पहिले लग्न मंग कार्ड. मी वामनरावांले फोन करून हे समजावलं. ते म्हणे आमच्या कंपनीत कोणतंच काम अडत नाही, अर्ज केला की होते, तुम्ही अर्ज करा. मी म्हटलं काका, ही तशी कंपनी नाही. ते म्हणे कंपनी ते कंपनीच. पोळा जवळ आला बरं.

दीपाले सांगतलं तं ती हसत सुटली. मले नव्हतं हसू येत.

दुसऱ्या दिवशी तारिकच्या डोक्यात आलं. म्हणे सर्टिफिकेट नसन तं लग्नपत्रिका चालत असन, एक नमुन्याची बनवून पाठव, मी वरती विचारून पाहतो. मी म्हटलं पत्रिका तं माहा डाव्या हाताचा खेळ हाय.

इथं मी चुकलो.

पत्रिका बनवायले बसलो की मले एक पण जागा रिकामी सोडवत नाही. सवय हाय. वरती बुद्ध अन् बाबासाहेबांचे फोटो टाकले. चि. अश्वजित, कु. दीपा. डिसेंबरातला एक रविवार पाहून तारीख टाकली. वणीचं मंगल कार्यालय टाकलं. संपर्काले दोन नंबर लागतात, माहा टाकला अन् दीपाचा टाकला. मंग निमंत्रक. आमच्याकडले मामा, काका मले पाठ. दीपाकडले कोणते टाकायचे? तिच्या मामेबहिणीची पत्रिका डिस्कसोबत आलती, माह्या कम्प्युटरमधी होतीच, तिथून सगळे नाव उचलले अन् इथं बसवले. खाली लहान पोरायची ओळ टाकली, 'आमच्या दीपाताईच्या लग्नाला यायचं हं'. लय झकास दिसत होती.

गिऱ्हाइकाले दाखवायले पत्रिका पाठवतो तेव्हा मी तिच्यावर आडवं 'नमुना' लिहितो, मोठ्या अक्षरात. नाही तं लोक बाकीचे पैसे न देताच वाटून टाकतात. ह्या वेळी नाही लिहिलं. सोताच्याच पत्रिकेवर नमुना कोण लिहिते? वाईट दिसते ते.

पाठवली तारिकले. त्यानं वरती विचारलं, वरतून 'नाही' आलं, त्यायले झालेलं लग्न पाहिजे. विषय संपला असता.

पण तारिकचा फोन संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, गझालाभाभीच्या हातात गेला. भाभीनं पत्रिका पाह्यली. अश्वजितचं लग्न ठरलं अन् आपल्याले कोणी बोललं नाही म्हणून पहिले तारिकले झापला, तो दुकानाच्या कामात होता, त्यानं नुसतं हूं हूं केलं. मंग भाभीनं खुशीखुशीत पत्रिका स्टेटसले टाकली, वर चार फुलं लावून. अन् ज्यायनं ज्यायनं विचारलं त्यायले पाठवून दिली.

सकाळी आई दळण घेऊन चक्कीवर गेली. चक्कीवालीनं विचारलं, पेढे कुठं हायेत. आई म्हणे कायचे? चक्कीवालीनं मोबाइल दाखवला. आई दळण तिथंच ठेवून घरी आली अन् दारातच उभी राह्यली. म्हणे पूर्ण बाभुळगावले माहीत हाय, मलेच नाही, मी कोण हाय तुई?

मी समजावून राह्यलो तेवढ्यात कळंबवरून धर्मपालमामाचा फोन. मामा म्हणे, लग्न करतो तं कर, पण मी सगळ्यात मोठा मामा अन् माहं नाव चौथ्या नंबरवर काहून? मी म्हटलं मामा, हे लग्न खरं नाही. मामा म्हणे, नाव तं खरं हाय ना.

हे सगळं आमच्याकडलं. वणीकडे काय झालं ते नंतर कळलं. दीपाले एक आत्या हाय, मानीबाई, पांढरकवड्याची. वामनरावांची मोठी बहीण. मी जी पत्रिका उचलली ती दीपाच्या मामाकडली होती, त्यात आत्या येणारच कशी. पत्रिका फिरत फिरत मानीबाईजवळ पोचली. तिनं ती दोनदा वाचून घेतली सुनेकडून, चष्मा लावून सोता पाह्यली, अन् सरळ वामनरावांले फोन. भावाच्या पोरीचं लग्न, पत्रिकेवर बायकोकडले सगळे मामे-मावश्या, अन् सख्खी आत्या मेली काय? वामनराव म्हणे कोणतं लग्न? ती म्हणे, आता हे पण नाटक कर.

वामनराव तेव्हा खाणीत हजेरीच्या रांगेत होते. रांगेतल्या लोकायजवळ पण पत्रिका आली होती. सगळे हात मिळवून राह्यले.

मले त्यायचा फोन आला. "बुधवारी सुट्टी हाय माही. आईले घेऊन या." बस. एवढंच बोलले. रागावले असते तं बरं वाटलं असतं.

दीपाले फोन केला तं तिनं उचलला नाही. एक मेसेज आला, 'ये'. त्याच्यापुढं काही नाही, फूल नाही, काही नाही. गझालाभाभी घरी येऊन आईच्या गळ्यात पडून रडून गेली. तारिक म्हणे मी येतो सोबत, सगळी गलती माही हाय म्हणून सांगतो. मी म्हटलं नोको, तू आला तं ते विचारतील हा कोण, अन् मंग एजंट म्हणून अजून एक भानगड.

बुधवारी आम्ही एसटीनं वणीले गेलो. आई पूर्ण रस्ताभर माह्याशी बोलली नाही, फक्त यवतमाळच्या स्टँडवर समोसा घे म्हणे.

घरात वामनराव होते, दीपाची आई होती, अन् दिवाणावर मांडी घालून मानीबाई. तिच्या हातात पत्रिकेची रंगीत झेरॉक्स. मी जय भीम केला. वामनराव जय भीम म्हणाले. बसा नाही म्हणाले. आम्ही बसलो.

मी सगळं सांगतलं, काहीच सोडलं नाही. धंद्याची यादी, नात्याची यादी, तारिकची आयडिया, गझालाभाभीचं स्टेटस.

वामनराव म्हणे, म्हणजे कंपनीले फसवून राह्यले होते.

मी म्हटलं विचारून राह्यलो होतो, चालते का म्हणून.

"अन् चाललं असतं तं?"

आई माह्याकडे पाहत होती. मले 'नाही' म्हणता आलं असतं.

"तं पाठवली असती, काका."

वामनरावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चालले होते, एकामागं एक. मंग ते म्हणे, बुटीबोरीवाल्यायचा फोन आलता. पत्रिका त्यायच्याही हातात पडली. आमच्या पोराले दुसरं स्थळ पाहतो म्हणे. त्यायचं बरोबर हाय. अन् तुमचं कार्ड तं झालंच नाही. ज्याची मले भीती होती तेच झालं, पोरगी मधातच राह्यली.

त्यायचा आवाज बारीक झाला होता. मले एकदम समजलं, हा माणूस कार्ड कार्ड काहून करते. त्याले बाकी काही नाही पाहिजे. त्याले फक्त रात्री-बेरात्री पोरीच्या पोटात दुखलं तं काय होईन हे माहीत असायले पाहिजे.

तेवढ्यात दीपा आतून आली. हातात कागद होते. तिनं माह्याकडे पाहिलं पण नाही, सरळ बाबासमोर गेली.

"बाबा, हे वाचा."

वामनरावांनी चष्मा लावला. वाचायले लागले. एकेक ओळ, बोट ठेवून. खाणीत मशीनचा कागद वाचत असन तसे.

विम्याचं कार्ड होतं. दीपाच्या नावाचं.

मले काही समजेना. मंग दीपानं सांगतलं. गझालाभाभीनं पत्रिकेवरचा नंबर पाहून तिलेही फोन केलता, मुबारक म्हणायले. दीपानं पत्रिकेचं सगळं ऐकून घेतलं अन् भाभीले म्हणे, तुमच्या घरवाल्याले फोन द्या. तारिकले विचारलं, मले एकटीले भेटते का? तारिक म्हणे, धंदा काय? ती म्हणे शिवणकाम. त्यानं यादी उघडली. टेलर होतंच. तिचा फॉर्म एका झटक्यात झाला, तिलेही कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला, पॉलिसी आली. तिनं तारिकले सांगतलं होतं, अश्वजितले बोलायचं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. हे खरं हाय.

वामनरावांचं बोट एका जागी थांबलं होतं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वतः'.

"याच्यात नवरा कुठं हाय?"

"लागत नाही बाबा."

"पैसे?"

"ब्लाऊजचे."

"लग्न झाल्यावर कटते नाव?"

"नाही कटत."

"अन् लग्न नाही झालं तं?"

"तरी नाही. माहंच कार्ड हाय ते."

वामनरावांनी कागद खाली ठेवला, परत उचलला. दीपाच्या आईले दाखवला. तिले वाचता येत होतं पण तिनं नुसतं नाव पाह्यलं अन् पदरानं कागदाची धूळ पुसली, धूळ नव्हतीच. मले वाटलं आता काही तरी बोलतील. पण ते परत वाचायले बसले, दुसरं पान, तिसरं पान. आई माह्या कानात म्हणे, हे सगळं वाचतील काय? मी म्हटलं वाचतील.

चौथ्या पानावर ते अडकले. म्हणे हे बाळंतपणाले दोन वर्षं थांबा असं काय लिहिलं हाय?

मी पंख्याकडे पाहत होतो. दीपा आत पळाली.

मानीबाईनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणे, "म्हणजे दोन वर्षं घाई करू नोका म्हणते कंपनी. शहाणी हाय."

आई पहिले हसली. मंग दीपाची आई. मंग वामनराव, पण त्यायनं तोंड कागदामागं लपवलं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

वामनरावांनी चष्मा काढला. मले विचारलं, लग्नानंतर दोघायचं एकच कार्ड करता येते का? मी म्हटलं येते, पण दीपा म्हणन तं. ते म्हणे बरोबर हाय, तिले विचारावं. मंग मानीबाईच्या हातून पत्रिका घेतली अन् तारखेवर बोट ठेवलं.

"ही तारीख कोणी काढली?"

"मीच, काका. रविवार पाहून टाकली."

"रविवारी माही ड्युटी असते. डबल हजेरी भेटते, मी सोडत नाही. बुधवार कर."

तुम्हीचं तू झालं होतं. मी पटकन हो म्हटलं, त्यायचं मन बदलायच्या आत.

साक्षगंध कधी ते आई अन् दीपाची आई दोघी मिळून ठरवत बसल्या. मानीबाईनं मले आपल्याजवळ दिवाणावर बोलावलं. म्हणे मोबाइल काढ, नाव लिहून घे. पहिले तिचं, मंग तिच्या मालकाचं, मंग दोन्ही पोरायचं, सुनायचं. लहान पोरायच्या ओळीत नातवंडं घालायची होती, पाच होती, अन् सहावं येणार होतं. ते सहावं डिसेंबरच्या आत होईन, त्याची पण जागा सोडून ठेव म्हणे.